हँडलाला शिंगं लावण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेले भाषण)



मागच्या महिन्यात मी इथे लांब पल्ल्याच्या सायकलिंगबद्दल बोलले होते. त्यानंतर केंद्रावर इचलकरंजीहून एका ताईंचा फोन आला. त्या घरी शिवणकाम करतात. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गोव्याच्या ट्रायथलॉनला जायचं तिने मनावर घेतलंय. ताई म्हणाल्या, “पोरगी म्हणते सायकलच्या हँडलाला पुढं शिंगं बसवायची आहेत. दुकानात विचारलं तर म्हणाले, आहे त्या हँडलाला बसणार नाहीत, नवीन कार्बनचं हँडल घ्या. शिंगांचे पैसे वेगळे, हँडलाचे वेगळे. मॅडम, खरंच लागतं का हे सगळं?”

आजचं सगळं बोलणं त्या ताईंसाठी आहे. बाकीच्यांनीही ऐका, कारण आपल्या भागातल्या बऱ्याच मुली आता रोड बाइक चालवायला लागल्यात आणि पैसे मोजताना शेवटी आईलाच विचारलं जातं.

आधी ही गोव्याची शर्यत काय आहे ते सांगते. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ नावाची शर्यत होते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. तिन्ही अंतरं मैलांत मोजून बेरीज केली की ७०.३ येते, म्हणून ते नाव. यात दुसऱ्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने सायकल चालवायला बंदी असते. ज्याचा वारा त्याने खायचा.

आता शिंगं. ताईंचा शब्द मला आवडला, पण दुकानात त्याला एरोबार म्हणतात. साध्या रोड बाइकच्या हँडलावर बोल्टने आवळून बसवायचे असतील तर क्लिप-ऑन एरोबार. दोन नळ्या पुढे गेलेल्या असतात आणि त्यांच्या मागे कोपरं टेकायला दोन लहान गाद्या. पुढे वाकून हात या गाद्यांवर टेकले की अंगाचा समोरचा भाग अरुंद होतो. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास गेलं की आपली बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि वारा सगळ्यात जास्त अडतो तो आपल्या अंगाला. सायकलचा वाटा त्या मानाने थोडा.

१९८९ च्या टूर द फ्रान्सची गोष्ट सायकलवाले अजून सांगतात. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर एकेकट्याने घड्याळाशी शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलाला असे बार लावले होते, पुढे असलेल्या लॉराँ फिन्योंने लावले नव्हते. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल अवघ्या ८ सेकंदांनी लागला आणि लेमाँड जिंकला. सगळं श्रेय बारांना द्यायचं कारण नाही, माणूसही तसा होता. पण त्यानंतर या शिंगांना कुणी हसलं नाही.

माझं कारण मात्र वेगाचं नव्हतं. मी ३०० किलोमीटरची ब्रेव्हे केली होती. ही २० तासांत पूर्ण करायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापायला बसले तर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट माझं नव्हतंच. पीठ हाताला लागतंय हे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना कळत नव्हतं. तीन आठवडे ब्लाऊजचं हूक लावायला सासूबाईंना हाक मारावी लागली. डॉक्टर म्हणाले, तासन् तास हँडलावर भार टाकल्याने तळहातातली नस दबली. मग एका सहकारी सायकलस्वाराने सुचवलं, एरोबार लाव, मधून मधून भार कोपरांच्या गाद्यांवर जाईल, तळहात सुटतील. सल्ला बरोबर होता. मी केलं ते चुकलं.

माझ्या सायकलला तेव्हा सेकंडहँड घेतलेलं कार्बनचं हँडल होतं. वरचा भाग चपटा, पक्ष्याच्या पंखासारखा. दिसायला इतकं सुंदर की मी गाडी घरात उभी केली की येता-जाता बघायची. एरोबार मागवले. विकणारा म्हणाला, सगळ्या हँडलांना बसतात. बसवायला गेलो तर पकड धरेना, कारण पकड गोल आणि हँडल चपटं. मग आम्ही काय केलं? जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, मध्ये भरल्या आणि ऍलन कीने जीव खाऊन आवळलं. आम्ही म्हणजे मी आणि गल्लीतला एक हौशी पोरगा. दोष देण्यासारखं तिसरं कुणी नव्हतं.

पंधरा दिवस चाललं. मग एका रविवारी कागल सोडून निपाणीकडे जाताना पुलाच्या जोडावर चाक आपटलं आणि कट् असा आवाज आला. दोन्ही गाद्या एकदम खाली फिरल्या. माझा सगळा भार त्यांच्यावर होता. तोंड जवळजवळ पुढच्या चाकाला लागलं. रस्त्याच्या कडेला मातीत गेले म्हणून वाचले, मागून ट्रक येत होता. घरी येऊन पट्ट्या काढल्या तर हँडलावर केसाएवढी पांढरी रेघ. कार्बनला अशी रेघ गेली की ते हँडल संपलं. मी करवतीने त्याचे दोन तुकडे केले, म्हणजे भंगारातून उचलून पुन्हा कुणी वापरू नये.

म्हणून ताई, माझं म्हणणं एवढंच. शिंगं नंतर. आधी हँडल बघा. आणि ते बघायला लागणारं सामान तुमच्या शिलाई मशीनच्या खणात आहे.

शिवणाचा जाड दोरा घ्या. हँडल ज्या तुकड्याने सायकलला धरलेलं असतं त्याला स्टेम म्हणतात. त्या स्टेमला अगदी लागून हँडलाभोवती दोऱ्याचा एक वेढा घ्या, ताणू नका. दोरा दोऱ्याला भेटतो तिथे पेनाने खूण करा, सरळ करा आणि मापाच्या टेपवर ठेवा. १० सेंटीमीटर आलं तर हँडलाची जाडी ३१.८ मिलिमीटर आहे. आजच्या बहुतेक रोड बाइकांचं हेच माप आणि बहुतेक क्लिप-ऑन याच मापाला बनतात. ८.२ आलं तर २६ मिलिमीटर, ८ आलं तर २५.४. ही दोन जुनी मापं. दोऱ्यावर त्यांच्यात फक्त दोन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, व्हर्निअरने मोजून घ्या. आपल्याकडे लेथवाला शोधायला गल्ली ओलांडावी लागत नाही आणि त्याच्या खिशात व्हर्निअर असतोच. ११ सेंटीमीटर आलं तर ३५ मिलिमीटरचं जाडं हँडल. ते रोड बाइकला क्वचित दिसतं आणि साधे क्लिप-ऑन त्याला चालत नाहीत. बारीक हँडलासाठी काही कंपन्या एरोबारांबरोबरच धातूची पातळ कडी देतात, तिला शिम म्हणतात. ती कंपनीचीच हवी. ट्यूब, टिनाचा पत्रा, चिकटपट्टी यातलं काही नको. का ते सांगून झालंय.

जाडी जुळली म्हणजे काम झालं असं वाटतं. माझ्या मैत्रिणीला तसंच वाटलं होतं. पण हँडल सगळीकडे सारखं जाड नसतं. लाटणं आठवा. मधे जाड, टोकांकडे निमुळतं. रोड बाइकचं हँडलही स्टेमपाशी ३१.८ असतं आणि बाजूला जाताना बारीक होतं. लाटण्याच्या निमुळत्या भागावर बांगडी चढवून घट्ट करायला गेलात तर ती एका काठावरच टेकणार आणि धक्का बसला की सरकणार. एरोबारांच्या पकडीला म्हणूनच स्टेमच्या दोन्ही बाजूंना गोल आणि सरळ जागा लागते.

ती किती आहे हे पुन्हा त्याच दोऱ्याने कळतं. स्टेमपाशी घेतलेला वेढा तसाच धरून हळूहळू बाहेर सरकवा. जिथे तो सैल पडायला लागेल तिथे सरळ भाग संपला. स्टेमपासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा, दोन्ही बाजूंना वेगवेगळं. हँडलावर टेप गुंडाळलेली असेल तर तेवढ्यापुरती सोडा, नंतर थोडी बाहेरून पुन्हा गुंडाळता येते. पकड नेहमी उघड्या धातूवर बसते, टेपवर कधीच नाही. मग घ्यायच्या एरोबाराची पकड किती रुंद आहे ते विचारा, कंपनीच्या कागदावर आकृतीत दिलेलं असतं. मैत्रिणीच्या हँडलावर प्रत्येक बाजूला १.८ सेंटीमीटर जागा निघाली आणि पकड होती ३ सेंटीमीटरची. जाडी दोन्हीची ३१.८. तरीही उपयोग शून्य.

हे अंतर मोजताना दिव्याचा आणि किलोमीटर दाखवणाऱ्या यंत्राचा विचार करा. तेही याच जागेवर डोळा ठेवून असतात. एरोबार आले की त्यांना नळ्यांवर किंवा नळ्यांच्या मधल्या दांडीवर हलवावं लागतं.

आता आकार. वरून चपटी, पंखासारखी हँडलं तळहाताला छान वाटतात आणि वाराही थोडा कमी घेतात. पण त्यांच्यात गोल भाग स्टेमपुरताच असतो. एकसंध हँडल, म्हणजे स्टेम आणि हँडल एकाच तुकड्यात ओतलेलं, हल्ली महागड्या सायकलींना कारखान्यातूनच येतं. त्याला बाजारातली क्लिप-ऑन लावायचा विचारही करू नका. त्याच कंपनीने त्याच हँडलासाठी बनवलेले बार असतील तरच. मुलीची सायकल असली असेल तर दुकानदार “बसणार नाहीत” म्हणाला ते खरं आहे, आणि तसं असेल तर त्याच्यावर रागावू नका.

त्याच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र मला पटत नाही. कार्बनचंच का? एरोबारांसाठी मी नवशिक्या मुलीला ऍल्युमिनियमचं साधं, वरून गोल हँडल सांगेन. कार्बन हलकं असतं, रस्त्याची थरथर थोडी शोषतं, हे मान्य. पण एका जागी चिमटा बसला की ते आतून चिरडतं आणि बाहेरून कळतही नाही. काही कार्बन हँडलं पकडीच्या जागी मुद्दाम जाड केलेली असतात आणि कंपनी स्पष्ट लिहिते की क्लिप-ऑन चालतील. लिहिलेलं नसेल तर उत्तर “नाही” असं समजायचं. दुकानदाराचं तोंडी “चालतंय की” इथे धरायचं नाही. ऍल्युमिनियमसाठीसुद्धा कंपनीचा कागद वाचाच, कारण अगदी हलक्या, पातळ पत्र्याच्या हँडलांवर तीही मनाई करतात. माझं आताचं हँडल ऍल्युमिनियमचं आहे, अठराशे रुपयांना घेतलं होतं. दिसायला काही खास नाही. येता-जाता मी त्याच्याकडे बघत नाही.

नवीन हँडल घ्यायचंच ठरलं तर रुंदीकडे लक्ष द्या. ब्लाऊजचं माप घेताना खांद्याच्या हाडापासून खांद्याच्या हाडापर्यंत टेप लावता ना, तसंच मुलीचं माप घ्या. हँडल साधारण तेवढं रुंद असावं. बऱ्याच मुलींना ३८ किंवा ४० पुरतं आणि दुकानात ४२ किंवा ४४ गळ्यात पडतं, कारण पुरुषांसाठी तेच साठ्यात असतं. रुंद हँडलावर खांदे उघडे राहतात, मान आखडते. अजून एक गोम अशी की काही कंपन्या रुंदी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात आणि काही बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. नळी साधारण २.४ सेंटीमीटर जाड असते, तेवढाच फरक दोन कंपन्यांच्या “४०” मध्ये पडू शकतो. कपड्यांच्या मीडियम साइजसारखंच हे. हँडल पुढे किती जातं त्याला रीच म्हणतात. हात लहान असतील तर ८० मिलिमीटर किंवा त्याहून कमी रीचचं मागा, कॉम्पॅक्ट म्हटलं की दुकानदाराला कळतं.

केबल विसरू नका. काही सायकलींत ब्रेक आणि गिअरच्या केबल टेपखालून येतात आणि नेमक्या स्टेमजवळ बाहेर पडतात, म्हणजे पकडीच्या जागेवरच. पकडीखाली केबल दबली तर ब्रेक जड होतो, केबल झिजते. हँडल निवडताना केबलसाठी खालून खाच आहे का आणि पकडीच्या जागी पृष्ठभाग मोकळा राहतो का, ते पाहा. केबल हँडलाच्या पोटातून जाणार असतील तर भोकं कारखान्यातलीच असली पाहिजेत. ड्रिल घेऊन भोक पाडणारे महाभाग मी पाहिलेत.

आवळण्याबद्दल. बोल्टजवळ बारीक अक्षरांत आकडा छापलेला असतो, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. तेवढंच आवळायचं, त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो. विकत घेणं परवडत नसेल तर आपल्याकडच्या सायकल ग्रुपांत कुणाकडे तरी असतो, मागून आणा, वाटीभर साखर मागतो तसा. स्टेमचे चार बोल्ट एकामागून एक पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे, तिरपे, थोडे थोडे करत न्या, म्हणजे झाकणाची फट वर-खाली सारखी राहील. आणि वर्षातून एकदा तरी टेप सोडून आतलं हँडल बघा. घामाचं मीठ टेपखाली साठतं आणि ऍल्युमिनियम खातं. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या हँडलाला पांढरी पूड धरलेली होती, खरवडली तर खाली खड्डे.

समजा, सगळं बसलं. तरी एक गोष्ट राहते. रोड बाइक मुळात अशा वाकण्यासाठी बनलेली नसते. कोपरं गाद्यांवर ठेवली की अंग फार पुढे ताणलं जातं. कोपर खांद्याच्या साधारण खाली यायला हवं. येत नसेल तर स्टेम आखूड घ्यावा लागतो किंवा सीट थोडी पुढे सरकवावी लागते. हा खर्च कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि ब्रेक. एरोबारवर हात असताना ब्रेक हातात नसतो. ब्रेकचे लिव्हर तिकडे बाजूला, मूळ जागी राहतात. कुत्रं आडवं आलं, उसाची ट्रॉली वळली, तर आधी हात उचलून मागे न्यायचा आणि मग ब्रेक दाबायचा. तेवढ्यात जे व्हायचं ते होतं. म्हणून पहिले पंधरा दिवस घरात ट्रेनरवर, नाहीतर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, एक एक मिनिट. गावात, बाजारात, उतारावर आणि इतरांच्या घोळक्यात एरोबारवर जायचंच नाही. गोव्याच्या शर्यतीत हे बार चालतात. पण सगळे एकदम सुटतात त्या रस्त्यावरच्या शर्यतींत ते चालत नाहीत. जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या स्पर्धेला तीच सायकल न्यायची असेल तर आधी नियम वाचा, आदल्या रात्री पाना शोधत बसायची वेळ येऊ नये. नळ्यांच्या टोकांना बुचं हवीत, हँडलाच्या टोकांनाही. उघडी नळी पडल्यावर मांडीत कशी घुसते याचं वर्णन मी जेवणाच्या वेळेला करत नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोरा घेऊन मुलीला शेजारी बसवा आणि मोजा. वेढा १० सेंटीमीटर आला, दोन्ही बाजूंना पकडीएवढी सरळ जागा निघाली आणि हँडल ऍल्युमिनियमचं गोल असेल, तर कंपनीचा कागद वाचून आहे त्यावरच बार लावा, नवीन हँडलाचे पैसे वाचले. जागा अपुरी निघाली तर ऍल्युमिनियमचं साधं हँडल घ्या, आणि घेताना दोरा दुकानात बरोबर न्या. हसतील, हसू द्या. एकसंध कार्बनचं निघालं तर या वर्षी शिंगांशिवाय जाऊ द्या. ९० किलोमीटर खालच्या वळणावर हात ठेवूनही होतात, मी स्वतः केलेत. त्या पैशांत चांगले टायर आणि समुद्रात पोहण्याचा सराव होईल, पहिल्या वर्षी त्याची जास्त गरज असते.

वेढ्याचं माप आणि दोन्ही बाजूंची जागा, हे आकडे केंद्रावर फोन करून कळवा. मी पुढच्या गुरुवारी येणार आहे, येताना टॉर्क रेंच घेऊन येते. तुम्हाला दोघींना जमलं तर सायकल घेऊन या. नमस्कार.